ब्लूमचा पेंच आणि स्पेनची हांक

युद्ध हें पाप आहे असें मानणाऱ्या पक्षाच्या हातीं राज्यसत्ता यावी, आणि नेमक्या त्याच वेळीं शेजारच्या घरास आग लागून तेथील बंधूंनीं तोफा व विमानें मागावीं, याहून बिकट प्रसंग त्या पक्षावर दुसरा कोणता यावयाचा? १९३६ च्या जुलैमध्यें फ्रान्सच्या समाजवादी पक्षावर हा प्रसंग आला. परक्या युद्धांत शस्त्रांची मदत द्यावी कीं न द्यावी, या प्रश्नावर डाव्या विचाराच्या लोकांत आजवर अनेक वाद झाले. परंतु त्या वादाचीं सर्व अंगें एका ठिकाणीं पाहावयाचीं असतील, तर स्पेनच्या प्रकरणाकडेच वळलें पाहिजे.

१९३६ च्या एप्रिल-मे महिन्यांतील निवडणुकींत समाजवादी, कम्युनिस्ट व रॅडिकल या पक्षांची लोकआघाडी विजयी झाली आणि ४ जून रोजीं लेआँ ब्लूम मुख्य प्रधान झाला. त्या पदावर बसणारा हा फ्रान्समधील पहिलाच समाजवादी. त्याचा राजकीय गुरु झाँ झोरेस हा १९१४ सालीं युद्ध टाळण्याची खटपट करतां करतांच मारेकऱ्याच्या गोळीस बळी पडला होता. तेव्हां शांततेचें व्रत ही ब्लूमला वारशानें मिळालेली वस्तु होती. अधिकारग्रहणास दोन महिनेही लोटले नाहींत, तोंच स्पेनमध्यें सेनापतींनीं बंड केलें. तेथेंही फेब्रुवारींत लोकआघाडीच निवडून आली होती. २० जुलै रोजीं ब्लूमच्या हातीं स्पेनचा मुख्य प्रधान हिराल याची तार पडली: सैन्य उलटलें आहे, शस्त्रें व विमानें त्वरित पाठवा.

ब्लूमचें पहिलें उत्तर होकारार्थी होतें, हें विसरतां कामा नये. कायदेशीर सरकारास शस्त्रें विकण्यांत आंतरराष्ट्रीय विधीची कांहींच आडकाठी नव्हती. विमानमंत्री प्येर कोत तयारीसही लागला होता. परंतु त्याच आठवड्यांत ब्लूम लंडनला गेला, तेथें ईडननें त्यास सावधगिरीचा सल्ला दिला. आणि तो परततो तों पॅरिसच्या उजव्या वृत्तपत्रांनीं गुप्त बेत चव्हाट्यावर मांडून काहूर माजविलें होतें. रॅडिकल मंत्री बिथरले. २५ जुलै रोजीं मंत्रिमंडळानें सरकारी मदत न देण्याचें ठरविलें. दैवाचा खेळ असा कीं, त्याच रात्रीं बायरॉइट येथें हिटलरनें फ्रँकोस विमानें देण्याचा निर्णय घेतला! तरीही कांहीं विमानें गुपचूप सरहद्दीपार गेलीं. पण १ ऑगस्टला फ्रान्सनें सर्व राष्ट्रांपुढें हस्तक्षेप न करण्याची योजना मांडली आणि ८ ऑगस्टला स्वतःची निर्यात बंद केली. ९ सप्टेंबर रोजीं लंडनमध्यें जी समिती बसली, तींत पुढें २७ राष्ट्रें सामील झालीं. जर्मनी व इटली यांनीं तेथें मान डोलाविली आणि शस्त्रें पाठविण्याचा क्रम अखंड चालू ठेवला.

६ सप्टेंबर रोजीं, इरून शहर नुकतेंच पडलें असतां, पॅरिसच्या ल्यूना पार्कमध्यें ब्लूम आपल्याच अनुयायांपुढें उभा राहिला. 'स्पेनला विमानें द्या' हा घोष त्याच्या कानीं पडत होता. त्याचें समर्थन साधें होतें. दोन्ही बाजूंनीं शस्त्रांची चढाओढ लागली तर हुकूमशहाच अधिक पुरवूं शकतील. करार पाळला गेला तर प्रजासत्ताकाचाच लाभ आहे. आणि सर्व यूरोप पेटण्याचा धोका पत्करण्याचा अधिकार आपणांस नाहीं. जें तो मोकळेपणानें बोलला नाहीं, तें याहून जड होतें. फ्रान्समध्यें स्वतःचेंच यादवी युद्ध उसळेल, ही भीति त्याच्या मनांत होती. सभेनें टाळ्या वाजविल्या, पण शंका मिटली नाहीं. दुसऱ्याच दिवशीं त्याच्या मंत्रिमंडळानें फ्रान्सच्या शस्त्रसज्जतेसाठीं १४ अब्ज फ्रँकची योजना मंजूर केली!

पक्षांत तेव्हांपासून दोन तट पडले. झीरोम्स्की व त्याचे सहकारी म्हणत: माद्रिद हें पॅरिसचें बाहेरचें वेशीद्वार आहे, तें पडलें तर युद्ध टळणार नाहीं, फक्त तें आपल्या सोयीच्या वेळीं होणार नाहीं. पक्षाचा चिटणीस पॉल फोर याच्या गटास कोणत्याही मदतींत युद्धाचा पहिला अंकुर दिसे. कम्युनिस्ट मदतीसाठीं सर्वांत मोठ्यानें ओरडत होते. पण डिसेंबर १९३६ मध्यें विश्वासदर्शक ठराव आला तेव्हां ते तटस्थ राहिले. सरकार पडावें, इतकी त्यांचीही छाती झाली नाहीं.

इंग्लंडांतील मजूर पक्षाची कथा याहून बोधप्रद आहे. ऑक्टोबर १९३६ च्या एडिंबरो येथील परिषदेंत १८,३६,००० विरुद्ध ५,१९,००० मतांनीं अलिप्ततेस पाठिंबा मिळाला. त्यानंतर स्पॅनिश पाहुण्यांचीं भाषणें झालीं आणि सभागृह हेलावलें. परंतु ठराव आधींच होऊन गेला होता. वर्षभरांत पक्षानें आपली भूमिका फिरविली. मात्र जुलै १९३७ पर्यंत हाच पक्ष स्वदेशाच्या संरक्षणखर्चाविरुद्ध मत देत होता. दुसऱ्यास तोफा द्या, पण आपण तोफा ओतूं नका, या विसंगतीचें उत्तर फारच थोड्यांजवळ होतें.

ज्यानें मदत दिली, त्यानें तिचें मोलही घेतलें. ऑक्टोबर १९३६ पासून रशियाचीं शस्त्रें येऊं लागलीं, माद्रिद तगलें. परंतु त्याच महिन्यांत सुमारें ५१० टन सोनें मॉस्कोकडे रवाना झालें, आणि शस्त्रांमागून गुप्त पोलीसही आले. मे १९३७ मध्यें बार्सिलोनाच्या रस्त्यांवर डावे डाव्यांशींच लढले. जूनमध्यें 'पूम' पक्षाचा नेता आंद्रेउ निन यास पकडून ठार करण्यांत आलें. लोकशाही राष्ट्रांनीं हात आंखडला, म्हणून प्रजासत्ताक एकाच दात्याच्या मुठींत सांपडलें, हें यांतील खरें दुःख होय.

या वादाचे पडसाद आपल्यापर्यंतही आले होते. पंडित जवाहरलाल जून १९३८ मध्यें बार्सिलोनास जाऊन आले. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, एके काळचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह, लंडनला वृत्तपत्रविद्या शिकण्यास गेले आणि तेथून 'जॉन स्मिथ' हें नांव धारण करून आंतरराष्ट्रीय पथकांत दाखल झाले. एप्रिल १९३८ मध्यें ते फ्रँकोच्या कैदेंत पडले व त्याच वर्षाअखेर सुटले. परराज्याच्या बेडींत असलेल्या देशाचा हा एक माणूस दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठीं बंदूक उचलतो, आणि स्वतंत्र देशांचीं सरकारें समित्या भरवितात, हें दृश्य लाजविणारें आहे.

मग ब्लूम दोषी होता काय? युद्धाचें भय बाळगणें हा दोष नव्हे. १९१४ ते १९१८ चीं चार वर्षें ज्यांनीं पाहिलीं, त्यांनीं तें बाळगलेंच पाहिजे होतें. पहिल्या ऑगस्टांत अलिप्ततेचा करार हा एक प्रामाणिक प्रयोग होता. परंतु प्रयोग फसला हें दिसूं लागल्यावरही तो चालू ठेवणें, हा दोष होय. करार एकच बाजू पाळीत आहे हें उघड झालें, त्या दिवसापासून अलिप्तता ही अलिप्तता राहिलीच नाहीं. ती बलिष्ठास दिलेली मदत झाली. ब्लूमनें जकात अधिकाऱ्यांस डोळेझांक करावयास लावून मनाचें समाधान केलें. पण चोरवाटेनें जाणारी शस्त्रें युद्ध लांबवूं शकतात, जिंकून देत नाहींत.

मार्च १९३९ च्या अखेरीस माद्रिद पडलें. पांच महिन्यांनीं, ज्या युद्धाच्या भयानें स्पेनचा हात सोडला होता, तें युद्ध आलेंच. ब्लूमला बुखेनवाल्डची नाझी छावणी पाहावी लागली. शांततेसाठीं दिलेली किंमत वाजवी होती काय, हें शांतता टिकली असती तरच ठरवितां आलें असतें. ती टिकली नाहीं. किंमत मात्र स्पेननें पुरती मोजली.