कार्ड आणि वही

२९ सप्टेंबर १९३९, शुक्रवार. दुसरं महायुद्ध सुरू होऊन महिना व्हायचा होता. त्या रात्री ब्रिटनमधल्या घराघरांत एक फॉर्म भरला गेला. घरात कोण कोण आहे, प्रत्येकाची जन्मतारीख काय, कामधंदा काय. सुमारे पासष्ट हजार प्रगणक पुढच्या दोन-तीन दिवसांत दारोदार फिरले, त्यांनी फॉर्म गोळा केले आणि उंबरठ्यावरच प्रत्येकाच्या नावाचं कार्ड लिहून दिलं. साधं दुमडलेलं कार्ड. नाव, पत्ता, नंबर. बहुतेकांच्या कार्डावर फोटोसुद्धा नव्हता. एका देशाला एक ओळखपत्र, तेही आठवडाभरात आणि संगणकाशिवाय!

या योजनेमागचा माणूस होता सिल्व्हेनस व्हिव्हियन, जन्म-मृत्यू नोंदणी खात्याचा प्रमुख. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, अशीच नोंदणी झाली होती आणि ती फसली होती. लोक घर बदलत, पण कळवत नसत. का कळवावं? त्यात त्यांचं काही अडत नव्हतं. व्हिव्हियननं यावर अचूक उपाय काढला. त्यानं ओळखपत्राची सांगड रेशनशी घातली. लोणी, साखर हवी तर नोंद बरोबर ठेवा. १९४०च्या जानेवारीत रेशनिंग सुरू झालं आणि वही आपोआप ताजी राहू लागली. हे आपल्याला काही नवं नाही. मुंबईत १९४३ साली रेशन आलं, आणि धान्यासाठी छापलेलं ते कार्ड पुढे कित्येक दशकं शाळाप्रवेशापासून गॅसच्या जोडणीपर्यंत सगळीकडे पुरावा म्हणून पुढे केलं गेलं. पोटाशी बांधलेला कागद कोणी हरवत नाही.

युद्धात त्या कार्डाचा उपयोग झाला, हे मान्य करायलाच हवं. सैन्यभरती, शिधावाटप, मनुष्यबळाचं नियोजन ही कामं १९३१च्या जुन्या जनगणनेवर चालली नसती. बॉम्बहल्ल्यांमुळे माणसं गावोगाव पांगली होती. त्यांचा ठावठिकाणा त्या वहीत होता. पण युद्ध संपलं, कार्ड संपलं नाही. सुरुवातीला तीन कामांसाठी असलेली ही नोंदणी १९५०पर्यंत एकोणचाळीस सरकारी खाती वापरू लागली होती. कोणी कट केला नव्हता. हाताशी तयार वही आहे म्हटल्यावर प्रत्येक खात्यानं तिच्यात डोकावून घेतलं, एवढंच.

पोलिसांनाही सवय लागली. ७ डिसेंबर १९५० रोजी उत्तर लंडनमध्ये क्लॅरेन्स विलकॉक नावाच्या गृहस्थांची मोटार एका पोलिसानं थांबवली आणि कार्ड मागितलं. विलकॉक लिबरल पक्षाचे. त्यांनी साफ नकार दिला. दोन दिवसांत चौकीत आणून दाखवा, म्हटलं, तर त्यालाही नकार. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कायदा आणीबाणीपुरता होता, पण ती आणीबाणी संपल्याचा हुकूम कोणी काढलाच नव्हता! त्यामुळे विलकॉक हरले. मात्र सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी पोलिसांनाच सुनावलं. सुरक्षेसाठी केलेला कायदा, आणि दुकानाबाहेर मोटार जरा जास्त वेळ उभी ठेवणाऱ्या बाईकडेही तुम्ही कार्ड मागणार? यानं कायदा पाळणारी माणसं कायदा मोडणारी होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. विलकॉकना खर्चाचा भुर्दंड त्यांनी बसू दिला नाही. फेब्रुवारी १९५२मध्ये चर्चिल सरकारनं कार्ड रद्द केलं. गंमत अशी, की त्यावरचा नंबर मेला नाही. सरकारी आरोग्यसेवेनं तो उचलला होता आणि अनेकांच्या बाबतीत तो पुढे कित्येक वर्षं चालला.

ब्रिटनमध्ये हे प्रकरण चिडचिडीवर निभावलं. नेदरलँड्समध्ये तसं झालं नाही. तिथल्या लोकसंख्या नोंदणीत धर्माचा रकाना होता, शांततेच्या काळात भरलेला, कोणाच्या मनात काही वाईट नसताना. याकोब लेन्ट्झ नावाच्या अतिशय कार्यक्षम अधिकाऱ्यानं ओळखपत्राची योजना आखली, ती डच सरकारनं १९४०च्या मार्चमध्ये फेटाळली. दोनच महिन्यांत जर्मन फौजा आल्या आणि त्यांनी ती उचलून धरली. नक्कल करायला महाकठीण असं ते कार्ड. ज्यूंच्या कार्डावर ‘जे’ हे अक्षर. सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले गेले. मार्च १९४३मध्ये काही कलावंत आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेशात अॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले आणि त्यांनी ते पेटवलं. जळाला थोडाच भाग. बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. पुढच्या वर्षी हेगमधलं नोंदींच्या प्रतींचं भांडार ब्रिटिश विमानांनी बॉम्बनं उडवलं. कार्ड खिशात असतं, वही कचेरीत असते; आणि कचेरीचा धनी बदलू शकतो.

मग हे नकोच म्हणायचं का? इतकं सोपं नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी, योगायोगानं त्याच तारखेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. लंडनच्या मोटारवाल्याला कार्ड म्हणजे कटकट. पण ज्याच्याकडे जन्माचा दाखला नाही, घराचा उतारा नाही, बँकेत ओळख सांगायला कोणी नाही, त्याच्यासाठी सरकारदरबारी आपण आहोत हे सांगणारा तो पहिलाच कागद असू शकतो. स्वातंत्र्याच्या गप्पा मारताना आपण पांढरपेशे हे विसरतो.

अर्थात इथेही तिनाचे एकोणचाळीस होऊ लागले. अनुदानासाठी आलेला क्रमांक बँक, मोबाइल, शाळा सगळे मागू लागले. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ रोजी, चार विरुद्ध एक अशा बहुमतानं, आधार वैध ठरवलं. मोबाइल आणि बँक खात्याची सक्ती मात्र रद्द केली. पॅन आणि सरकारी अनुदानाची जोडणी राहिली. म्हणजे आपणही व्हिव्हियनच्याच वाटेनं रेशनदुकानापाशी आलो. तिथे खडी फोडून, विटा वाहून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचे ठसे यंत्र कधी कधी ओळखत नाही. ठसा जुळला नाही म्हणून कोणाचं धान्य अडवू नका, असं प्राधिकरणाला २०१७मध्ये परिपत्रक काढून सांगावं लागलं.