पुण्याचा केर आणि आपल्याकडच्या बाया

यंदाच्या स्मरणिकेत इतिहासावरचे लेख हवेत असे कार्यवाह बाईंनी सांगितले, तेव्हा बहुतेकींनी देवळे आणि किल्ले निवडले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मी केरकचऱ्याचा इतिहास घेतला, कारण त्यात आपल्या बीडसारख्या दुष्काळी मुलखातल्या बायांचा मोठा हात आहे आणि तो आपल्याला कुणी सांगत नाही.

पूर्वी घरात कचरा असा फारसा निघतच नसे. राख भांडी घासायला, भाजीचे देठ नि शिळेपाके जनावरांना, चिंध्यांची गोधडी, आणि उरलेसुरले उकिरड्यावर. उकिरडा हा घरचा ठेवा होता; पेरणीआधी त्याचेच खत गाडीने शेतात जाई. पण म्हणून जुने सगळे चांगले होते असे मी म्हणणार नाही. त्याच काळात माणसांचा मैला माणसांनाच डोक्यावरून वाहावा लागे आणि ते काम जातीने माथी मारलेले असे. गाडगेबाबा (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन गावोगाव स्वतः झाडत, त्याचे मोल म्हणूनच एवढे मोठे आहे.

पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. माझ्या सासूबाई त्या वेळी खडी फोडायला जात, सुकडीवर दिवस काढत. ज्यांना जमीनजुमला नव्हता अशी मराठवाड्यातली कित्येक कुटुंबे गाव सोडून पुण्या-मुंबईला गेली. तिथे पुरुषाला हमाली, बिगारी मिळे. बाईला घरकामाला ठेवतानाही जात विचारत. तेव्हा ज्या कामाला कुणाची परवानगी लागत नाही ते काम पुष्कळ जणींनी धरले. खांद्यावर गोणी टाकून कचराकुंडीतले कागद, काच, पत्रा, प्लास्टिक वेचायचे आणि भंगारवाल्याला विकायचे. यातल्या बहुसंख्य बाया दलित समाजातल्या. कुत्री मागे लागत, काचेने हात कापत, आणि कुठे चोरी झाली की पोलीस आधी यांनाच धरत.

१९९० साली पुण्यात एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातर्फे कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवण्याचे काम सुरू झाले. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या दोघी त्यात होत्या. त्या मुलांबरोबर, त्यांच्या आयांबरोबर कुंड्यांपर्यंत गेल्या, आणि पाहतात तो सगळा त्रास एकाच गोष्टीचा. ओले नि सुके एकत्र सडलेले. घरातूनच ते निराळे मिळाले तर बाईला कुंडीत उतरावे लागणार नाही आणि मालालाही भाव येईल. साधी गोष्ट, पण ती घरातल्या बाईच्या हातात आहे, म्हणून मी ती पुन्हा लिहिते: ओले निराळे, सुके निराळे.

पुढे एका खासगी माणसाने गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली, तेव्हा या बायांच्या पोटावर पाय आला. त्या आडव्या उभ्या राहिल्या. मे १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने त्यांची परिषद भरली, आठशेच्या वर बाया जमल्या आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. १९९५-९६ च्या सुमारास पुणे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. फोटो लावलेला एवढासा कागद, पण तो जवळ असला की पोलिसाला सांगता येते, मी चोर नाही, काम करते. २००१ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी एक पाहणी झाली. तिच्यात असे निघाले की प्रत्येक बाई महिन्याला २४६ रुपयांचे काम महापालिकेला फुकट करून देते. आपण म्हणतो शहराने यांना पोसले. हिशेब उलटा निघाला. त्यानंतर २००२-०३ मध्ये महापालिकेने त्यांचा वैद्यकीय विमा उतरवला. २००८ मध्ये याच बायांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. घरटी महिन्याला ठरावीक पैसे घ्यायचे, सुके विकायचे ते त्यांचे, ओले महापालिकेच्या गाडीत.

सगळे गोड झाले असे नाही. पुण्याचा उरलेला केर उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे जाई, तिथल्या विहिरींचे पाणी नासले आणि गावकऱ्यांनी कितीदा तरी गाड्या अडवल्या. शहराने न निवडलेला कचरा शेवटी कुण्या तरी खेड्याच्याच दारात जातो.

मिसर देशात कैरो शहरी असेच घडले. तिथले 'जब्बालीन' म्हणजे दक्षिणेकडच्या गरीब खेड्यांतून आलेले लोक. घरोघरचा केर नेत, खरकटे डुकरांना घालत, बाकीचे निवडून विकत. २००३ मध्ये सरकारने परदेशी कंपन्यांना ठेके दिले. कंपन्यांच्या मोठ्या गाड्या गल्लीबोळात शिरेनात. मग २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या भीतीने सगळी डुकरे मारली आणि रस्त्यावर खरकट्याचे ढीग साचले. यंत्र वाईट असते असे नव्हे; पण आधीपासून काम करणाऱ्याला विचारले नाही की असे होते.

आपल्या देशात २००० साली कचऱ्याचे नियम झाले आणि २०१६ च्या नियमांत कचरावेचकांची दखल घेतली गेली. पण एक गोष्ट नियमाआधी या बायांनी बोलून दाखवली, आणि ती बायकांनी बायकांत बोलायला हरकत नाही. मासिक पाळीचे वापरलेले पॅड लोक तसेच उघडे टाकतात, आणि ते उघड्या हाताने निवडणारीही बाईच असते. २०१३ मध्ये 'स्वच्छ'च्या बायांनी असे पॅड गोण्यांत भरून ते बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवले. विल्हेवाटीसाठी पाकीट द्या, एवढीच मागणी होती. पुढे कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करायची रीत त्यांनी सुरू केली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हे सांगितले तेव्हा काही जणी पदराआड हसल्या. आपल्या गल्लीत पहाटे गोणी घेऊन येणारी बाई मात्र हसली नाही. लाल खूण कुठे करतात ते तिने दोनदा विचारून घेतले. रद्दीचे कापलेले कागद आणि लाल खडू मंडळाच्या कपाटात ठेवले आहेत, ज्यांना हवे त्यांनी न्यावेत.