राखीव जागांचा त्याग आणि एक मतदारयादी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले तुर्भे हे एके काळी जुन्या ठाणे जिल्ह्यातील आगरी-कोळ्यांचे गाव होते. आज तेथे औद्योगिक वसाहतीतील कामगार, बाजार समितीच्या आवारात पाठीवर ओझी वाहणारे घाटावरचे माथाडी आणि नाना प्रांतांतून पोटासाठी आलेली कुटुंबे शेजारी शेजारी नांदतात. आणि मतदानाच्या दिवशी हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती असे सर्व जण एकाच यादीत आपले नाव शोधून एकाच रांगेत उभे राहतात. ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणाला प्रयासाने मिळवावी लागली असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. परंतु ब्रिटिश अमदानीच्या अखेरच्या पर्वात याच मुंबई इलाख्यात धर्मागणिक मतदारसंघ निराळे होते, आणि ते एक व्हावेत म्हणून ज्यांनी स्वसमाजाच्या पदरात पडलेल्या हक्काच्या जागांवर पाणी सोडले, त्यांत ख्रिस्ती पुढाऱ्यांचे स्थान फार वरचे आहे.

विभक्त मतदारसंघांची पद्धत १९०९ च्या कायद्याने प्रथम मुसलमानांसाठी सुरू झाली, १९१९ च्या सुधारणांत ती मद्रास इलाख्यातील ख्रिस्त्यांपर्यंत पोचली, आणि ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याला अनुसरून १९३५ च्या कायद्याने मुंबईच्या विधानसभेतील १७५ जागांपैकी ३ जागा देशी ख्रिस्त्यांसाठी तोडून दिल्या. या जागांवर उमेदवार ख्रिस्ती आणि मतदारही ख्रिस्तीच, अशी ती तरतूद होती. वरवर पाहता ती संरक्षणाची दिसे. परंतु ज्याला शेजाऱ्याच्या मताची गरज नाही त्याला शेजाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकण्याचीही गरज उरत नाही, आणि ज्याच्या मताला आपल्या धर्माच्या कुंपणाबाहेर किंमत नाही त्या मतदाराकडे बहुसंख्याकांचा उमेदवारही फिरकत नाही. निवडणुकीची विश्वासार्हता मतपेटीच्या कुलपावर आणि मोजणीच्या चोखपणावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती निवडून आलेला मनुष्य आपला, म्हणजे सर्वांचा, प्रतिनिधी आहे या विश्वासावरही उभी असते. आणि नेमक्या त्या विश्वासाचे मूळ या पद्धतीने पोखरले जात होते.

मुंबईच्या ख्रिस्ती समाजात निराळ्या मार्गाची परंपरा आधीपासून होती. माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेले, मुंबईच्या स्थानिक कॅथॉलिक म्हणजे ‘ईस्ट इंडियन’ समाजातील बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले, आणि सर्व जातिधर्मांच्या लोकांनी त्यांना ‘काका’ म्हणून हाक मारली. अखिल भारतीय पातळीवर ख्रिस्ती पुढारी के. टी. पॉल यांनी पहिल्या गोलमेज परिषदेत आणि डॉ. एस. के. दत्त यांनी दुसऱ्या परिषदेत विभक्त मतदारसंघांना विरोध केला. समाजात एकमत होते असे मात्र नव्हे, मद्रासचे ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी १९३१ च्या अल्पसंख्याक करारावर सही करून विभक्त मतदारसंघांचीच बाजू घेतली होती. एवढा मतभेद असतानाही समाजाचा कौल हळूहळू संयुक्त मतदारसंघाकडे झुकला, हे पॉल आणि दत्त यांच्यासारख्यांच्या निष्ठेचे फळ होय.

या निष्ठेची खरी कसोटी घटना समितीत लागली. ऑगस्ट १९४७ मध्ये विभक्त मतदारसंघ रद्द झाले, तरी राखीव जागा शिल्लक होत्या. घटनेच्या १९४८ च्या मसुद्यात मद्रास व मुंबई या दोन प्रांतांतील ख्रिस्त्यांसाठी तशी स्पष्ट तरतूद होती. म्हणजे ज्या जागा सोडायच्या त्यांत आपल्या मुंबईच्या जागाही होत्या. समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः बंगाली ख्रिस्ती आणि अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्ष. मे १९४९ मध्ये धर्माधिष्ठित राखीव जागा काढून टाकण्याचा ठराव सल्लागार समितीपुढे त्यांनीच मांडला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस घटना समितीत झालेल्या चर्चेत जेझुइट धर्मगुरू फादर जेरोम डिसूझा यांनी त्याला पाठिंबा दिला. अस्पृश्यतेचा शतकानुशतकांचा अन्याय सोसलेल्या अनुसूचित जातींच्या राखीव जागा कायम राहिल्या, ते सर्वस्वी न्याय्यच होते. पुढे ३२५ व्या अनुच्छेदाने प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण मतदारयादी दिली, आणि धर्म, वंश, जात वा लिंग यांवरून कोणाचे नाव वगळण्यास बंदी केली.

राखीव जागा सोडताना शेजाऱ्यांवर टाकलेला हा विश्वास अनाठायी नव्हता, याचा पुरावा पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मिळाला. तत्कालीन मुंबई राज्यातील कानडा मतदारसंघातून, म्हणजे हिंदू बहुसंख्येच्या मुलखातून, ख्रिस्ती उमेदवार जोकिम आल्वा १९५२ मध्ये लोकसभेवर निवडून आले आणि पुढच्या दोन्ही निवडणुकांत मतदारांनी त्यांनाच कौल दिला. त्यांच्या पत्नी व्हायोलेट आल्वा राज्यसभेत गेल्या आणि १९६२ मध्ये त्या सभागृहाच्या उपसभापती झाल्या.

धर्म आणि मतदान यांमधील मर्यादा कायद्याने पुढे अधिक दृढ केली. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने निर्णय दिला की, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो. कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेनेही धर्मगुरूंना राज्यसत्तेची पदे स्वीकारण्यास मनाई केली आहे.

यातून धर्मपीठावर बसलेल्या प्रत्येकाचे कर्तव्य निश्चित होते, मग ते पीठ कोणत्याही धर्माचे असो. अनुयायांना मतदानास जा, पैसे घेऊन मत विकू नका, सद्‌सद्‌विवेकाला स्मरून निवड करा, एवढे त्याने अवश्य सांगावे. कोणाला मत द्या हे सांगू नये. आणि तुर्भ्यातल्या, वसईतल्या वा मडगावातल्या मतदाराने यादीत आपले नाव शोधताना हे विसरू नये की, ती यादी एक राहावी म्हणून एका लहानशा समाजाच्या पुढाऱ्यांनी आपल्या हक्काच्या जागा स्वखुशीने देशाच्या स्वाधीन केल्या होत्या.