हरणाची वाट पाहणारी माणसं



हरभरा घाट्यावर आला की आपल्याकडे जागल सुरू होते. रात्री जेवणं उरकली की घरातलं कोणीतरी घोंगडं, बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन मळ्यावर जातं. पूर्वी बापे माणसं जायची. आता ज्या घरात माणूस कामाला पुण्या-मुंबईला गेलाय, तिथं बाईच जाते. थंडीत काकडत बसायचं आणि हरणांचा कळप कधी येतो याची वाट पाहायची. मीही हे केलंय. पहिल्या रात्री तासाभरातच कंबर धरली, मग डास, मग झोप. पहाटे जरा डोळा लागला तेवढ्यात कळप येऊन दोन तास चरून गेला.

दुसऱ्या दिवशी पारधी बेड्यावर गटाची बैठक होती. तिथल्या एका आजीला मी माझी फजिती सांगितली. ती खूप हसली. म्हणाली, तू हरणाची वाट पाहायला गेलीस आणि मनानं घरीच राहिलीस. तिचा सासरा दिवसच्या दिवस हरणामागे असायचा, पण दमून आला असं तिला कधी आठवत नाही. तेव्हापासून डोक्यात बसलं की हे लोक दिवसभर कसे बसत असतील? आजीकडून ऐकलं, काही वाचलं. आज तेच सांगणार आहे. हा आपल्याच जिल्ह्यांचा इतिहास आहे, पण शाळेच्या पुस्तकात मी तो कधी वाचला नाही.

आधी नावाचं बघू. पारध म्हणजे शिकार, आणि शिकार करणारा तो पारधी. फासे लावून शिकार करणारे ते फासेपारधी. त्यांची बोली गुजरातीला जवळची आहे. 1916 साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर मोठा ग्रंथ काढला. आपला विदर्भ तेव्हा त्याच प्रांतात होता. त्यात पारध्यांचे कितीतरी प्रकार दिलेत. फासे लावणारे वेगळे, चित्ता पाळून शिकार करणारे चितापारधी वेगळे, आणि गुराच्या आडून शिकारीजवळ जाणारे ‘गायके’ वेगळे. आपण मात्र सगळ्यांना एकाच नावानं ओळखतो, आणि ते नावही पुष्कळदा शिवीसारखं वापरतो.

आपण ज्याला सरसकट हरण म्हणतो ते बहुतेक वेळा काळवीट असतं. नर काळा, पिळाच्या शिंगांचा. मादी पिवळसर, बिनशिंगाची. हा जीव उघड्या माळावर राहतो. त्याची नजर फार लांबची आणि पळण्यात त्याला गाठणं कोणाला शक्य नाही. माळावर लपायला झाड नाही, झुडूप नाही. म्हणजे पळून तो मिळत नाही आणि लपूनही मिळत नाही. उरतो तो एकच मार्ग, धीर.

पण धीर म्हणजे दात आवळून बसणं नव्हे. आजीनं सांगितलेली पहिली गोष्ट हीच. काळवीट सकाळी आणि संध्याकाळी चरतं. उन्हाच्या वेळी कळप बसून रवंथ करतो. पारधी त्याच घड्याळावर चालायचा. कळप चरत असेल तेव्हा हा सावकाश चालणार. कळप बसला की हाही बसणार, भाकरी खाणार, पाणी पिणार, पाठ टेकणार. हरणाला विसावा तेव्हा माणसालाही विसावा. म्हणून तो दमायचा नाही. आपण जागलीला बसतो तेव्हा सारखे ताठ असतो, आणि कळप येतो नेमका आपण थकल्यावर.

दुसरी गोष्ट फाशांची. हरणाच्याच वाळवलेल्या नसांना पीळ देऊन तात करायची. तिचे फास लांब दोरीला ओळीनं बांधायचे आणि कळपाच्या वाटेवर खुंट्या ठोकून पसरायचे. मग वाट पाहण्याचं अर्धं काम फासाच करतो. बंदूकवाल्यासारखं नेम धरून, श्वास रोखून बसावं लागत नाही. राहिलेली माणसं लांबून वळसा घालून कळपामागे जातात आणि त्याला हळूहळू फाशाकडे सरकवतात. इथं जो घाई करील त्याचा दिवस फुकट जातो. कळप एकदा उधळला की त्याला पुन्हा गोळा करणं माणसाच्या हातात नसतं.

तिसरी गोष्ट गाईची. काळवीट माणसाला भितं, पण चरणाऱ्या गुराला भीत नाही. म्हणून पारधी एक गाय किंवा बैल शिकवून तयार करायचे. गाय चरत चरत पुढं जाणार आणि माणूस तिच्या आडोशानं चालणार. गाय थांबली की तोही थांबला. तिनं घास घेतला की तेवढा वेळ उभं राहायचं. गाईच्या चालीनं चालायचं म्हटल्यावर घाई करायची सोयच उरत नाही. शिकवलेलं पाळीव काळवीटही ते वापरत. त्याच्या शिंगांना फास बांधून कळपाकडे सोडायचे. कळपातला नर त्याच्याशी झुंजायला आला की शिंगं फाशात अडकायची.

आणि बाया काय करायच्या? नुसत्या पालावर बसून राहायच्या का? मुळीच नाही. तित्तर, लाव्हे धरून आणले की गावोगाव फिरून विकायचं काम बायांचं. पाल मोडणं, नव्या मुक्कामी उभारणं, पोरं, म्हातारी माणसं, सरपण, पाणी हे सगळं त्यांच्याच अंगावर. एक काम मात्र असं आहे की वाचून मला हसूही आलं आणि अभिमानही वाटला.

आपल्या देशात तेव्हा चित्ते होते. चित्त्याला शिकवून त्याच्याकडून काळवीट धरवायची पद्धत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचं वर्णन आहे. अकबर बादशहानं आयुष्यात नऊ हजार चित्ते जमवले, असं त्याचा मुलगा जहांगीर लिहून ठेवतो. चित्ते धरायची रीत अशी. चित्ते काही ठरावीक झाडांपाशी नखं घासायला येतात. त्या झाडाभोवती हरणाच्या नसांचे फास खुंट्यांना बांधून ठेवायचे आणि वाट पाहायची. एक मात्र पाळायचे, की चित्ता वाढलेला हवा. अगदी लहानपणी धरलेला बछडा शिकारीला तितका उपयोगी मानत नसत, कारण शिकार कशी करायची ते त्याला त्याची आई शिकवते. आईच्या हाताखाली जो शिकला नाही, त्याला पुढं शिकवणं माणसालाही जड जायचं.

धरलेल्या चित्त्याला माणसाळवायचं कसं? 1884 साली छापलेल्या स्टर्नडेल नावाच्या साहेबाच्या पुस्तकात ते दिलंय. चित्त्याला दोरांनी चारी बाजूंनी बांधायचं आणि त्याच्याजवळ बाया-पोरांना दिवसभर बसवायचं. त्यांचं काम एकच, बोलत राहायचं. माणसाच्या आवाजाची त्याला सवय व्हावी म्हणून. बघा मैत्रिणींनो, ‘बाया काय, नुसत्या गप्पा मारत बसतात’ असं आपण आयुष्यभर ऐकतो. इथं त्या गप्पांनीच रानातला चित्ता माणसात आणला. राजे हत्तीवर बसून शिकारीला निघायचे, चित्र राजाचं निघायचं. पण बांधलेल्या चित्त्यापाशी पोर मांडीवर घेऊन दिवसभर बसलेल्या बाईचं नाव कुठंच नाही.

पुढं तो चित्ता डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीवर बसवायचे. हरणं गाडीला भीत नाहीत. गाडी फेऱ्या घेत घेत हळूहळू कळपाजवळ न्यायची आणि मग टोपी काढायची. धाव थोड्याच वेळाची. त्याआधीची सगळी वेळ सावकाशीची.

आता नियमाची गोष्ट. मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1980 च्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की या जमातींनी रान जणू वाटून घेतलंय. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरतात. वैदू मुंगूस, उदमांजर आणि पाण्यातली कासवं, खेकडे. आणि फासेपारधी हरण आणि पाखरं. एकाच माळावर तिघं फिरतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. फासेपारध्यांमध्ये आणखी एक रीत होती. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं. बंदुकीच्या गोळीला हे जमत नाही, फाशाला जमतं. ज्याला उद्याही त्याच माळावर यायचंय, तो आज बियाणं खात नाही. हे आपल्याला शेतकरणींना वेगळं सांगायला नको.

मग हे सगळं मोडलं कशानं?

1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तरेकडे होता, 1911 साली देशभर लागू झाला. त्यात अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यात पारधीही आले. पोलिसांकडे नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. ज्यांचं पोटच फिरण्यावर, त्यांना फिरण्याचीच बंदी. विचार करा, दिवसभर हरणामागे जाणाऱ्याला रोज हजेरी द्यायची असेल तर तो पारध करणार कधी? सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती केल्या आणि तिथल्या लोकांना गिरण्यांत कामाला लावलं.

सगळेच राज्यकर्ते असे नव्हते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी फासेपारध्यांना जवळ केलं, आपल्या पदरी कामं दिली आणि 1918 साली आपल्या संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली. ज्यांना लोक चोर म्हणत, त्यांच्यावर त्यांनी विश्वास टाकला.

इकडे बंदुका वाढल्या. साहेब आले, संस्थानिक आले, मोटारीतून शिकार सुरू झाली. माळ नांगराखाली गेले. हरणं कमी झाली, चित्ते तर संपलेच. 1952 साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. त्याच 1952 साली, 31 ऑगस्टला, गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला आणि हे लोक ‘विमुक्त’ झाले. पुढं 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज काळवीट मारलं तर तीन ते सात वर्षं तुरुंग आहे, आणि ते योग्यच आहे. मी पारधीची वकिली करायला बसलेली नाही. हरण राहिलंच पाहिजे. त्याच्यासाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरी, आपल्याकडे कारंजा-सोहोळ अशी अभयारण्यं झाली. पण पिढ्यान् पिढ्या ज्यांना एकच विद्या येत होती, त्यांची विद्या बंद झाल्यावर त्यांना दुसरं काय दिलं? जमीन नाही, दाखला नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्यावर.

आणि दोष फक्त पोलिसांचा नाही, आपलाही आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावात नवा गट करायचा होता. बेड्यावरच्या चार बाया आल्या. आमच्यातलीच एक ताई उठून म्हणाली, यांच्या हातात पेटीची किल्ली दिली तर पैसे राहतील का? कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, हे मला आज कबूल करायचंय. त्या चौघी काही न बोलता उठून गेल्या. नंतर त्यांनी बेड्यावर स्वतःचा गट केला. बँकेत खातं काढायला गेल्या तर कागद नाही म्हणून सहा वेळा परत पाठवल्या. सातव्या वेळी मी सोबत गेले आणि त्या दिवशी खातं निघालं. कागद तेच होते. फक्त सोबत गावातली बाई होती.

परत येताना मी आजीला म्हणाले, तुमच्या लोकांचा धीर मोठा. ती म्हणाली, हरणासाठी धीर धरला तर हरण मिळायचं. बँकेत धीर धरून काय मिळतं? मला उत्तर देता आलं नाही.

2022 च्या सप्टेंबरमध्ये नामिबियातून आठ चित्ते विमानानं आणून कुनोच्या जंगलात सोडले. आनंदाची गोष्ट आहे. पण ज्यांच्या आज्या चित्त्याशी बोलत बसायच्या, त्यांच्या नातींना अजून जातीचा दाखला मिळवायला वर्षं लागतात, हेही आपण त्याच दमात बोललं पाहिजे. आपल्या वाशिम-अकोल्याकडे काही फासेपारधी आता गवताची रानं आणि तणमोर पक्षी राखायचं काम करतात. पाखरू कुठं अंडी घालतं, कळप कुठून उतरतो, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? तीच नजर आणि तोच धीर, पण आता राखण्यासाठी.

तर माझी विनंती एवढीच. तुमच्या गावाजवळ बेडा असेल तर पुढच्या बैठकीचं आमंत्रण तिथं द्या. पारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. दाखल्यासाठी, खात्यासाठी, पोरांच्या शाळेसाठी त्यांच्यातल्या एखादीसोबत एकदा तरी जा. नुसतं शेजारी उभं राहायला जा. आणि जागलीला जाल तेव्हा आजीचं सांगणं लक्षात ठेवा. संध्याकाळी आणि पहाटे जागं राहा, कळप बसलेला असेल तेव्हा तुम्हीही पाठ टेका. मी यंदा तसं केलं. हरभरा बराच वाचला, आणि कंबरही.

आमच्या गटाच्या पेटीला तीन किल्ल्या असतात. या वर्षापासून त्यातली एक बेड्यावरच्या ताईकडे आहे. तेव्हा उठून बोललेल्या ताईनंच तिचं नाव सुचवलं.