कुरणशाळा

मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक (1892–1973) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाचे व्रत घेतले. तेथेच 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गुजरातेत रुजलेले हे रोप पुढे महाराष्ट्रात फळास आले, ही गोष्ट आपणां परप्रांतस्थ मराठी जनांस विशेष जिव्हाळ्याची वाटावी.

1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ (1910–1992) त्यांना येऊन मिळाल्या. कालांतराने हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले दिवसभर गुरे राखीत. ती शाळेत यावीत कशी? तेव्हा शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. गुरे चरत आणि मुले शिकत! मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांची जागा खडे, शिंपले, बिया, पाने, फुले यांनी घेतली. बिया मोजता मोजता गणित आले, पाने निवडता निवडता रंग आणि आकार कळले. रान मुलांच्या ओळखीचे होतेच. त्या ओळखीला अक्षरांची जोड मिळाली.

आपल्या मुलांची उणीव नेमकी उलट आहे. त्यांना अक्षरे येतात, परंतु दारच्या झाडाचे नाव सांगता येत नाही. मराठी नाव तर दूरच. मंडळाने महिन्यातून एक सकाळ त्यांना जवळच्या माळावर वा तळ्याकाठी न्यावे. साधने कोसबाडचीच पुरतील. सोबत नावे सांगणारी एखादी आजी मात्र हवी.