एक वाडा, तीन चुली, एक मीटर



आपल्या शहागडसारख्या बाजारपेठेच्या गावात एका वाड्यात तीन बिऱ्हाडं आणि मीटर एकच, हे नवं नाही. मग बिल माणसांवर वाटायचं की दिव्यांवर? एकटी राहणारी आजी आणि कूलरवालं घर सारखेच पैसे भरतात.

हा प्रश्न विजेइतकाच जुना. एडिसनच्या सुरुवातीच्या मीटरमध्ये जस्ताच्या पट्ट्या द्रावणात बुडवलेल्या असत. त्या ठरावीक दिवसांनी काढून नाजूक काट्यावर तोलायच्या आणि वजनातल्या फरकावरून बिल करायचं! १८८९ मध्ये बुडापेस्टच्या ओटो ब्लाथीने एसी विजेची युनिटं मोजणाऱ्या मीटरचं पेटंट घेतलं. आपल्या जुन्या घरांतला फिरत्या चकतीचा मीटर त्याच कुळातला. भारतात १९१० च्या वीज कायद्यात अचूक मीटरने मोजणीची तरतूद होती. २००३ च्या कायद्याने मीटरशिवाय वीज देण्यावर बंदी आणली.

हिशेब पाहा. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटांना कमी, पुढे चढता. तीन घरांची ८०-८० युनिटं एका मीटरवर आली की २४० होतात आणि त्यातली १४० महाग पडतात. खासगी सबमीटर लावला तर वाटणी नीट होते, पण चढा दर सुटत नाही. त्यासाठी प्रत्येक चुलीचं स्वतंत्र कनेक्शनच हवं.

अचौर्याचं व्रत आपण तिजोरीपुरतं धरतो. शेजारणीच्या पैशावर फिरणारा पंखाही त्यात मोजायला हवा.