जनरेटरवरच्या व्हॅनला हात लावताच झिणझिण्या? अर्थिंग असं तपासा

दिंडोशीच्या शेजारी गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे, त्यामुळे इथल्या रस्त्यांवर व्हॅनिटी व्हॅन दिसणं नेहमीचंच. आत एसी, दिवे, फ्रिज. आणि शूटिंगच्या जागी वीज बहुतेक वेळा जनरेटरची. हल्ली मित्र-मैत्रिणी कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन कोकणात जातात, तिथेही तसंच. पावसात दाराच्या हँडलला हात लावला आणि झिणझिण्या आल्या, तर 'थोडा करंट येतोच' म्हणून सोडून देऊ नका.

आधी हे करा

दाराला पुन्हा हात लावू नका. आतल्या माणसाला आतच थांबायला सांगा, कारण एक पाय ओल्या जमिनीवर आणि हात दारावर, हीच सगळ्यात धोक्याची अवस्था. मग कोरड्या चपला घालून जनरेटर त्याच्या स्विचने बंद करा. त्याच्या धातूच्या सांगाड्याला हात लावू नका.

मुळात होतं काय?

वीज 'जमिनीत जिरते' हा गैरसमज आहे. ती निघाली तिथेच परत जाते. घरी न्यूट्रल हा ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो, म्हणून गळती झालेल्या विजेला परतीची वाट मिळते आणि आरसीसीबी ट्रिप होतो. बऱ्याच छोट्या जनरेटरमध्ये मात्र न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला नसतो. याला 'फ्लोटिंग न्यूट्रल' म्हणतात. त्यात व्हॅन रबरी टायरवर उभी. फेज बॉडीला टेकला तरी परतीची वाट नाही, म्हणून काहीच ट्रिप होत नाही. पुढे चिखलातल्या एक्स्टेंशनची न्यूट्रल वायर सोलली गेली, की ती वाट तुमच्या शरीरातून पूर्ण होते.

मल्टिमीटर काय सांगतो?

एसी व्होल्ट रेंज लावा आणि व्हॅनमधल्या थ्री-पिन सॉकेटमध्ये मोजा. हे काम जाणकारानेच करावं.

- फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ शून्याच्या आसपास: जोडणी बरोबर दिसते.
- फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही ११५ च्या आसपास: न्यूट्रल फ्लोटिंग आहे किंवा अर्थची वायर तुटली आहे.
- न्यूट्रल-अर्थ २३०, फेज-अर्थ शून्य: फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेत.

यानंतर जनरेटर बंद करून सॉकेटची अर्थ पिन, व्हॅनची बॉडी आणि जनरेटरचा सांगाडा यांच्यात कंटिन्युइटी बघा. रोध साधारण एक ओहमच्या आत हवा. निऑन टेस्टरच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका; फ्लोटिंग वीजपुरवठ्यात तो फसवतो.

दोन सापळे

पहिला म्हणजे आरसीसीबीचं टेस्ट बटण. ते आतल्या आतच फेज आणि न्यूट्रलमध्ये फरक पाडतं, त्यामुळे अर्थिंग नसलं तरी ट्रिप होतं. कोडिंगमध्ये टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं नसतं, तसंच हे.

दुसरा सापळा नुसता रॉड ठोकण्याचा. न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला नसेल तर रॉडने परतीची वाट तयार होत नाही. जोडलेला असला, पण वीज मातीतूनच परतत असली आणि मातीचा रोध ५० ओहम धरला, तर २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. एवढ्यावर १६ अँपिअरचा एमसीबी हलणार नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र लगेच ट्रिप होईल.

योग्य उपाय

लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून, जनरेटरचं मॅन्युअल बघून, न्यूट्रल आणि सांगाडा जनरेटरपाशी जोडून घ्या. ही जोडणी एकाच ठिकाणी हवी. व्हॅनमध्ये दुसऱ्यांदा केली तर आरसीसीबी विनाकारण ट्रिप होत राहतो. त्या जोडणीच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि तीन कोअरची अखंड केबल लावा. अर्थिंगसाठीचं भारतीय मानक आयएस ३०४३ आहे. काम त्यानुसार झालंय का, हे विचारायला लाजू नका.

आणि फोन?

चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेला कधीकधी हलक्या झिणझिण्या येतात. दोन पिनच्या चार्जरला अर्थ नसतोच, त्यामुळे तसं घरीही होतं. व्हॅनच्या दाराला येणाऱ्या झिणझिण्या मात्र त्यातल्या समजू नका. ती गळतीची पहिली खूण असू शकते.